स्कॅन, इम्पोर्ट की ऑटो-कॉन्फिगरेशन: अनेक मॉड्यूलांच्या स्प्रिंग बूट प्रकल्पासाठी काय निवडावे?

स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवरच्या प्रकल्पाचे वेब, ऑर्डर, नोटिफिकेशन असे मॉड्यूल पाडले की वेबमधल्या मुख्य क्लासला बाकीच्यांमधले बीन, म्हणजे स्प्रिंग स्वतः तयार करून सांभाळते ते ऑब्जेक्ट, कसे सापडावेत, हे आधी ठरवावे लागते.

मुख्य क्लासच्या पॅकेजपासून खालची पॅकेजेस आपोआप स्कॅन होत असल्यामुळे, तो क्लास सर्वांच्या सामाईक पॅकेजमध्ये ठेवला की काम भागते. मात्र मग क्लासपाथवर (जावा जिथे क्लास आणि फाइली शोधते त्या यादीत) आलेल्या प्रत्येक जारमधले (मॉड्यूलच्या बांधलेल्या फाइलीतले) त्या पॅकेजखालचे घटक न विचारता आत शिरतात आणि कोणते मॉड्यूल खरोखर वापरात आहे, हे कोड वाचून कळत नाही.

दुसऱ्या मार्गात प्रत्येक मॉड्यूल एकच कॉन्फिगरेशन क्लास पुढे करते आणि मुख्य क्लास त्याला इम्पोर्ट ॲनोटेशनने नावानिशी बोलावतो. यासाठी मुख्य क्लास स्वतःच्या वेगळ्या पॅकेजमध्ये हवा, आणि एंटिटी (डेटाबेसच्या तक्त्यांशी जोडलेले क्लास) व रिपॉझिटरी (तो डेटा वाचणारे-लिहिणारे घटक) कुठे शोधायच्या हेही त्या-त्या मॉड्यूलने सांगायला हवे. चार-पाच मॉड्यूल आणि एकच ॲप्लिकेशन असेल, तर मी हाच मार्ग घेईन.

तेच मॉड्यूल अनेक ॲप्लिकेशनांना पुरवायचे असेल, तरच ऑटो-कॉन्फिगरेशनचा, म्हणजे जार क्लासपाथवर येताच स्प्रिंग बूटने तिचे कॉन्फिगरेशन आपणहून लागू करण्याच्या सोयीचा, खटाटोप करावा. स्प्रिंग बूटच्या 3.0 आवृत्तीपासून स्प्रिंग डॉट फॅक्टरीज या फाइलीतली त्याची जुनी नोंद वाचली जात नाही, आणि तसा इशाराही मिळत नाही; 2.7 मध्ये आलेल्या नव्या इम्पोर्ट्स फाइलीतच नोंद करावी लागते.

मार्ग कोणताही असो, खरी फजिती प्रॉपर्टीज फाइलींत होते. आमच्या नोटिफिकेशन मॉड्यूलने मेल सर्व्हरचा पत्ता स्वतःच्या ॲप्लिकेशन डॉट प्रॉपर्टीजमध्ये ठेवला होता. मॉड्यूलच्या चाचण्या हिरव्या होत्या, पण पूर्ण ॲप्लिकेशन मात्र मेल पाठवणारा बीन नसल्याची तक्रार करून बंद पडे. एकाच नावाच्या फाइलींपैकी क्लासपाथवर आधी सापडणारी, म्हणजे वेबची, तेवढीच वाचली जाते. 2.4 पासून दुसरी फाइल कॉन्फिग-इम्पोर्ट या सेटिंगने ओढून घेता येते. परंतु तिच्यातली मूल्ये ओढणाऱ्या फाइलीवर मात करतात, हे मॉड्यूलने दिलेल्या डीफॉल्ट मूल्यांच्या बाबतीत नेमके उलटे पडते. त्याऐवजी मॉड्यूलने फाइलीला वेगळे नाव द्यावे आणि ती आपल्या कॉन्फिगरेशन क्लासवर प्रॉपर्टी-सोर्स ॲनोटेशनने जोडावी. मग वेबची फाइल वरचढ राहते. लॉगिंगच्या सेटिंग्ज मात्र वेबमध्येच ठेवाव्यात, कारण मॉड्यूलची अशी जोडलेली फाइल वाचली जाईपर्यंत लॉगिंग सुरू झालेले असते.