एनएचएसचं घरपोच हिपॅटायटिस सी किट: बोट टोचण्याआधी वाचा

इंग्लंडमध्ये एनएचएसने (तिथली सरकारी आरोग्यसेवा) मे २०२३ पासून हिपॅटायटिस सीचं, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या विषाणूजन्य आजाराचं, चाचणी किट घरपोच द्यायला सुरुवात केली. वय १८ च्या वर हवं, पैसे लागत नाहीत, मागणी संकेतस्थळावर नोंदवायची. सेवा इंग्लंडपुरतीच आहे.

किटमध्ये बोट टोचायच्या सुया, छोटी नळी आणि परतीचं पाकीट असतं. वापर सोपा वाटतो, पण नमुने वाया जातात ते बहुतेक रक्त कमी पडल्यामुळे. थंडीत गारठलेल्या बोटातून थेंबही निघत नाही. हात कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं धरा, पूर्ण कोरडे करा, उभं राहून हात खाली सोडा. ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताचं मधलं किंवा करंगळीशेजारचं बोट घ्या आणि शेंड्याच्या कडेला टोचा; मधोमध टोचलं तर दुखतंही जास्त. सुई एकदाच चालते, म्हणून नीट दाबून धरल्याशिवाय खटका सोडू नका. पहिला थेंब पुसून टाका. मग तळव्याकडून बोटाकडे हलकेच चोळत थेंब नळीत पडू द्या. शेंडा पिळला तर रक्तपेशी फुटतात आणि नमुना बाद होऊ शकतो. खुणेपर्यंत भरली की झाकण लावून नळी हळूच उलटसुलट करा, जोरात हलवू नका. लेबलवर नाव आणि जन्मतारीख लिहायला विसरू नका. नमुना त्याच दिवशी टपालात जायला हवा, त्यामुळे शुक्रवारी रात्री हा उद्योग नकोच.

किट म्हणून तक्रारीला फारशी जागा नाही. अडतं ते ‘मला कशाला?’ या प्रश्नाशी. ‘नाइस’च्या (उपचारांचे निकष ठरवणारी तिथली सरकारी संस्था) २०१२ च्या मार्गदर्शनात या आजाराचं २ टक्के किंवा जास्त प्रमाण असलेल्या देशांत जन्मलेल्या वा वाढलेल्यांची चाचणी सुचवली आहे, आणि व्यवहारात त्यात सगळा आशिया धरला आहे. म्हणजे भारतातून इंग्लंडमध्ये आलेले आपणही आलोच. गावच्या दवाखान्यातली उकळून पुन्हा वापरलेली सुई, न्हाव्याचा वस्तरा, दातांची कामं, भारतात २००१ पूर्वी चढवलेलं रक्त (रक्तपेढ्यांना सीची तपासणी तेव्हा सक्तीची झाली): यातलं एकही पुरे. तरी किट मागवतो तो आधीच सावध असलेला माणूस. घरातल्या आजीपर्यंत ते पोचवायला कुणीतरी फॉर्म भरून द्यावा लागतो.

त्यात आपल्याकडे हिपॅटायटिस म्हणजे कावीळ असं पक्कं समीकरण. लहानपणी झालेली कावीळ बहुधा ए किंवा ई असते, तिचा सीशी संबंध नाही. सी वर्षानुवर्षं डोळे पिवळे न करता यकृत खात राहतो. ‘लस घेतली आहे’ हेही उत्तर नाही: लस ए आणि बीची असते, सीची लसच नाही. एलएफटी (यकृताच्या कामाची रक्तचाचणी) नॉर्मल आला म्हणूनही निश्चिंत राहू नये.

अँटिबॉडी (विषाणूशी लढायला शरीराने बनवलेलं प्रथिन) पॉझिटिव्ह आली म्हणजे विषाणू आहेच असं नाही. ती बरं झाल्यावरही आयुष्यभर राहते. आजार आत्ता आहे की नाही हे आरएनए चाचणी, म्हणजे रक्तात खुद्द विषाणू शोधणारी चाचणी, सांगते. भारतातल्या हेल्थ चेकअपच्या अहवालात निव्वळ ‘अँटी-एचसीव्ही रिॲक्टिव्ह’ (म्हणजे सीची अँटिबॉडी सापडली) लिहून माणसाला घाबरवलेलं असतं, तिथेही हेच लागू. उलट बाजूने, संसर्ग नुकताच झाला असेल तर अँटिबॉडी दिसायला काही महिने लागू शकतात.

उपचार या सेवेतला सगळ्यात भक्कम भाग. इंजेक्शनं गेली, ८ ते १२ आठवडे रोज गोळ्या, आणि ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात. मॅव्हिरेट आणि एपक्लुसा ही त्यातली दोन औषधं. मॅव्हिरेटच्या रोज तीन गोळ्या एकदम, जेवणासोबत. एपक्लुसाची रोज एक, पण ॲसिडिटीची ओमेप्राझोलसारखी गोळी तिचं शोषण कमी करते. फिट्सवरची कार्बामॅझेपिन, टीबीची रिफाम्पिसिन, कोलेस्टेरॉलची काही औषधं आणि भारतातून आणलेली चूर्णं, सगळं आधी सांगा. उपचारापूर्वी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, कारण सी दबला की लपलेला बी उसळू शकतो. निकाल पक्का ठरतो तो गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी केलेल्या आरएनए चाचणीने. नंतर पुन्हा लागण होऊ शकते.

सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आईवडिलांबद्दल हमखास विचारलं जातं. परदेशी पाहुण्यांकडून ज्या आजारांच्या निदानाचं आणि उपचारांचं शुल्क इंग्लंडमध्ये घेत नाहीत, त्यांच्या यादीत व्हायरल हिपॅटायटिस आहे. रुग्णालयाच्या खिडकीवर कुणी बिल पुढे केलं तर ही यादी बघायला सांगा.