शेवरोले बेल एअर : १९५५ची की १९५७ची?

अमेरिकेत नव्यासारखी करून विकायला ठेवलेली बेल एअर मोटार घ्यायची म्हटलं, की गाडी या दोन सालांवर येऊन अडतेच.

१९५७ची पाहताक्षणी भुलवते. मागचे टोकदार पंख, त्यांच्या बाजूला रेघारेघांचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, पुढे सोनेरी जाळी. पेट्रोलचं झाकण शोधून सापडत नाही. डाव्या पंखाच्या मागच्या कडेची क्रोमची पट्टी उघडली की आत दिसतं! ताकद हवी असेल तर २८३ घनइंचांचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, याच साली आलं.

१९५५ची सुटसुटीत, अंगावर दागिने कमी. पण शेवरोलेचं गाजलेलं छोटं व्ही-एट, २६५ घनइंचांचं, पहिल्यांदा आलं ते हिच्यात. सहा व्होल्ट जाऊन बारा व्होल्टची वायरिंगही हिच्यापासूनच. उणीव एकच, पण मोठी: त्या पहिल्या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ऑइल फिल्टरची सोय नव्हती, तो बाहेरून वेगळा बसवावा लागे. मूळ इंजिन असेल तर हे आधी विचारा.

मला विचाराल तर मी १९५५ची घेईन. तिची रेषा स्वच्छ आहे, डोळा थकत नाही. मात्र कुठलीही घ्या, खिशात लोहचुंबक हवाच. दारांच्या खालच्या कडेवर तो फिरवा. जिथे चिकटत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली असण्याची दाट शक्यता. डिकीतली चटई उचलून गंजही बघा. झगझगीत रंगावर भाळून पैसे मोजू नका.