मिडवेचा पटखेळ: पावसाळ्यापासून खेळतोय, तक्रार एकच – पडदा

दुसऱ्या महायुद्धातल्या मिडवेच्या जपान-अमेरिका आरमारी लढाईवरचा हा दोघांचा पटखेळ. त्याचे नियम, सोंगट्या, डावाला लागणारा वेळ यावर भरपूर लिहून झालंय. मला बोलायचंय ते दोन खेळाडूंच्या मधे उभ्या करायच्या पुठ्ठ्याच्या पडद्याबद्दल. माझ्या खोक्यातला पडदा घडीवरच फाटलेला निघाला. उभा केला की वाकतो आणि पलीकडचा निम्मा समुद्र दिसतो. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं की पट, फासे, सोंगट्या पूर्ण आहेत. पडदा शोभेचा आहे, बदलून मिळणार नाही. साडेचार हजार मोजून हे ऐकायचं! बरेच दिवस भांडलो, उपयोग शून्य.

मग पडद्याशिवायच खेळायला लागलो. मेव्हणा जपानच्या बाजूने, आणि दर वेळी तोच जिंकायचा. अमेरिकेच्या तिन्ही विमानवाहू नौका समोर मांडलेल्या असताना चार नौकांचा जपान हरेल कशाला? "दाजी, हा नागुमो इतका गाफील कसा? मी केव्हाच विमानं उडवली असती," हे त्याचं ठरलेलं वाक्य. नागुमो म्हणजे खऱ्या लढाईतला जपानी विमानवाहू ताफ्याचा प्रमुख. मलाही खरी लढाई म्हणजे निव्वळ नशीब वाटायला लागली होती.

शेवटी स्टेशनरीच्या दुकानातून सनबोर्ड आणून पडदा केला आणि पुतणीला पंच म्हणून बसवलं. खेळच बदलला. मेव्हण्याच्या हातात पहिली चिठ्ठी आली: 'शत्रूची १० जहाजं.' कसली जहाजं, ते नाही. तो विचारतो, उत्तर पुढच्या फेरीत, तेही अर्धवट. तोवर त्याची राखीव विमानं मिडवे बेटासाठी बॉम्ब चढवत होती, आणि बेटावरून परतणारी विमानं डोक्यावर. पठ्ठ्या गप्प बसून राहिला.

४ जून १९४२ ला नागुमोचं हेच झालं. सकाळी सव्वासातला त्याने राखीव विमानांवरचे जहाजांसाठीचे पाणतीर (टॉर्पेडो) काढून बेटासाठी बॉम्ब चढवायला सांगितलं. थोड्या वेळाने टोने क्रूझरच्या टेहळणी विमानाचा संदेश आला, १० जहाजं दिसताहेत. त्यांत विमानवाहू नौका असावी, हे कळेपर्यंत आठ वाजून गेले होते. दुसरीकडे अमेरिकी बॉम्बफेकी विमानांचा म्होरक्या मॅक्लस्की, त्यालाही जपानी ताफा ठरलेल्या जागी सापडला नव्हता. इंधन संपत आलेलं, आणि त्याला आराशी ही एकटी जपानी विनाशिका वेगाने जाताना दिसली. ती एका पाणबुडीमागे थांबून मागे राहिली होती. तिच्या दिशेने तो गेला आणि साडेदहाच्या आत जपानच्या आकागी, कागा, सोर्यू या विमानवाहू नौका पेटल्या. चौथी, हिर्यू, त्याच दिवशी नंतर.

हे अशक्य वाटतं ना? जपान्यांनाही वाटलं होतं. मोहिमेआधी यामातो युद्धनौकेवर त्यांनी हीच लढाई पटावर खेळून पाहिली. जपानी आरमारी वैमानिक फुचिदाने लिहून ठेवलंय की फाशांनी जपानी नौकांवर नऊ बॉम्ब पाडले, तेव्हा पंचाचा निकाल डावलून वरिष्ठ अधिकारी उगाकीने ते तीनवर आणले. बुडालेली कागा पुढच्या डावात पुन्हा तरंगायला लागली. हे वाचल्यापासून मी आमच्या पंचाला फासा बदलू देत नाही, निकाल कितीही विचित्र येवो.

खेळातल्या पत्त्यांपैकी 'टेहळणीला उशीर' या पत्त्यावर माझा राग होता. टोनेचं विमान अर्धा तास उशिरा उडालं, म्हणून तो पत्ता दर वेळी जपानचंच नुकसान करतो. पण काही अभ्यासक म्हणतात की उशिरामुळे वैमानिकाने ठरलेला मार्ग सोडला आणि म्हणूनच त्याला अमेरिकी ताफा दिसला. चिकुमा या दुसऱ्या जपानी क्रूझरच्या विमानाला मात्र जवळून जाऊनही काहीच दिसलं नाही. आता आम्ही पत्ता ठेवलाय, पण उशिराचा फायदा की तोटा ते फाशावर ठरवतो. कंपनीने पुढच्या आवृत्तीत हे करावंच.

आणखी एक. यॉर्कटाउन या अमेरिकी विमानवाहू नौकेच्या सोंगटीवर नाव छापलंय, ते झाका. ती आधीच्या लढाईत बुडाली असावी असं जपान धरून चालला होता. प्रत्यक्षात पर्ल हार्बरला तीनेक दिवसांत डागडुजी करून ती मिडवेला हजर होती. हिर्यूच्या दुसऱ्या हल्ल्यातल्या वैमानिकांना तर ती वेगळीच नौका वाटली, कारण पहिल्या हल्ल्यातली आग विझवून ती पुन्हा चालू लागली होती. आम्ही सगळ्या सोंगट्यांवर कागदी पट्ट्या लावल्यात.

पूर्ण किमतीला घेऊ नका. जुना, पडदा हरवलेला संच स्वस्तात मिळाला तर डोळे झाकून घ्या, सनबोर्ड शंभरेक रुपयांत येतो. पंचासाठी तिसरं माणूस मात्र हवंच.