ड्रिल मशीनला ‘मिलिंग’ची पाटी

म्हापशाच्या बाजूला एकाने जुन्या पिलर ड्रिलला (खांबावरचं भोक पाडायचं मशीन) क्रॉस व्हाइस (आडवा-उभा सरकणारा शिकंजा) आणि ताजा निळा रंग लावून ‘ड्रिल-कम-मिलिंग’, म्हणजे भोकही पाडतं आणि आडवं कापून खाचही पाडतं, म्हणून मला 42 हजारांना विकलं. फोंड्यात माझं छोटं वर्कशॉप आहे. शाफ्टवर चावीची (पुली घसरू नये म्हणून बसवायच्या पट्टीची) खाच पाडायला बाहेर काम द्यावं लागतं, ते वाचेल हा हिशोब.

त्याने नायलॉनचा ठोकळा कापून दाखवला. लोण्यासारखा कापला. लोखंड लावू म्हटलं तर म्हणतो, “बाब, नव्या कटरची धार कशाला घालवता?”

वर्कशॉपमध्ये 10 मिमीचा एंडमिल (बाजूनेही कापणारा कटर) लावून एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडाच्या, पट्टीवर जेमतेम अर्धा मिमी कट दिला. पट्टी आडवी सरकवताच मशीन थडथडायला लागलं आणि कटर पकडणारा चक टेपरमधून, म्हणजे निमुळत्या सांध्यातून, सुटून फिरता फिरता व्हाइसवर आदळला. डोळ्यांना गॉगल होता म्हणून बरं.

ड्रिलचा चक टेपरवर नुसत्या घर्षणाने बसतो. भोक पाडताना दाब खालून वर येतो, त्याने तो आवळतच जातो. मिलिंगमध्ये जोर बाजूने येतो आणि थरथरीने टेपर सुटतो. म्हणून खऱ्या मिलिंग मशीनच्या स्पिंडलमधून (फिरत्या दांड्यातून) आरपार ड्रॉबार ही लांब सळई जाते आणि कटरचा होल्डर वर ओढून धरते. इथे पुलीच्या झाकणावर वरून एक बोल्ट वेल्ड केला होता, ड्रॉबार वाटावा म्हणून! खाली स्पिंडलला आरपार भोकच नाही. क्विलभोवती (स्पिंडल खाली-वर नेणारी नळी) शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कोंबलेला, त्यावर जाड ग्रीस. नायलॉन कापेपर्यंत ढिलाई कळू नये, एवढीच सोय.

घेणाऱ्याने पुलीचं झाकण उघडून बघावं. क्विल पूर्ण खाली आणून डायल (ढिलाई मोजायचं घड्याळ) लावावा आणि हाताने आडवं ढकलावं. कट लोखंडावरच घ्यायला लावावा. लाकूड, आटे पाडायचा टॅप सरळ धरणं, फार तर ॲल्युमिनियमवर हलका हात, एवढं असं ड्रिल करतं. पण त्याला 42 हजार कोण देईल?

बिलावर त्याने ‘जुने ड्रिल मशीन, जसे आहे तसे’ लिहिलंय आणि आता त्याकडेच बोट दाखवतो. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागू नाही, असंही सुनावलं. पण पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेलं मशीन 2019 च्या कायद्यात बसतं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तीच जाहिरात पुन्हा दिसते आहे, यावेळी मशीन हिरवं.