मालकांच्या शेजारच्या आसनावरून: फर्स्ट क्लासमधील केबिन क्रूच्या वागणुकीचा अनुभव

पुण्यातील एका निर्यातदार कंपनीचे हिशेब मी सनदी लेखापाल म्हणून पाहते. लंडनमधील एका कंपनीच्या खरेदीचा व्यवहार गेल्या पावसाळ्यात सुरू झाला आणि तेव्हापासून मालकांबरोबर मुंबई–दुबई–लंडन असा प्रवास वारंवार होत राहिला. वाटेत कागदपत्रांवर बोलता यावे म्हणून माझेही तिकीट फर्स्ट क्लासचेच काढले जाते. कधी मालकांच्या आई, ज्यांना घरातले आणि कचेरीतलेही सारे माई म्हणतात, बरोबर असतात, तर कधी त्यांची मुलगी आपल्या लहान मुलाला घेऊन येते. या वर्गातील आसने, पलंग आणि खाणे यांविषयी लिहिलेले भरपूर वाचायला मिळते. सारख्याच दराचे तिकीट असलेल्या निरनिराळ्या माणसांशी कर्मचारी कसे वागतात, हे मात्र शेजारी बसून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून मी तेवढ्याच विषयावर लिहिते आहे. बहुतेक प्रवास दुबईच्या एमिरेट्स कंपनीने झाला; तारखा जुळल्या नाहीत तेव्हा इतर कंपन्यांची विमाने घेतली.

पहिली पंधरा-वीस मिनिटे सर्वांना जवळपास सारखी वागणूक मिळते. एमिरेट्समध्ये बसल्याबरोबर अरबी कॉफी आणि खजूर येतात, गरम टॉवेल येतो, आसनाची माहिती सांगितली जाते. फरक पडू लागतो तो त्यानंतर, आणि तो कुठून येतो हे समजायला मला दोन-तीन प्रवास लागले. क्रूच्या प्रमुखाजवळ, म्हणजे पर्सरजवळ, प्रवाशांची यादी असते आणि ती आता टॅब्लेटवर असते. तुमचे नाव, आसन आणि मागवलेले विशेष जेवण यांबरोबरच तुम्ही कंपनीचे कोणत्या दर्जाचे नेहमीचे प्रवासी आहात, हेही त्या यादीत दिसते. एमिरेट्सच्या स्कायवर्ड्स योजनेत ब्लू, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम असे चार दर्जे आहेत. मालक प्लॅटिनम आहेत. मी या प्रवासांपूर्वी साध्या ब्लूमध्ये होते. पर्सर मालकांपाशी येऊन गुडघ्यावर बसून दोन मिनिटे बोलायचा आणि मला जाता जाता नमस्कार व्हायचा. आम्हा दोघांच्या तिकिटाची किंमत एकच होती. माझा दर्जा वर सरकला तसे माझ्या वाट्याचे बोलणेही वाढले, तेव्हा शंकेला जागा उरली नाही.

हे केवळ आखातातच चालते असे नाही. जर्मनीच्या लुफ्तान्सा कंपनीने फ्रँकफर्टला २००४ मध्ये फर्स्ट क्लाससाठी स्वतंत्र टर्मिनल उघडले (तिथल्या स्नानगृहात मिळणारी रबरी बदके जमवणारे हौशी प्रवासी आहेत, हे मला आधी थट्टाच वाटले होते). त्या टर्मिनलमध्ये कंपनीच्या सर्वोच्च ‘हॉन सर्कल’ दर्जाचा प्रवासी त्या दिवशी इकॉनॉमीत बसणार असला तरी जाऊ शकतो. पूर्वी हा दर्जा मिळवण्यासाठी दोन वर्षांत सहा लाख मैल, म्हणजे प्रवासावर मिळणारे गुण, जमवावे लागत. एका दिवसाच्या महागड्या तिकिटापेक्षा वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक कंपनीला जास्त मोलाचे वाटते, आणि व्यापारी नजरेने पाहिले तर त्यात गैर काही नाही.

यादीचा एक विनोदी भाग आपल्याकडच्या पासपोर्टमुळे होतो. आपल्या अनेकांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव त्याच रकान्यात असते आणि तिकिटावर ती दोन्ही नावे जोडून छापली जातात. त्यामुळे क्रूमधील एखादी पोर्तुगीज किंवा कोरियन मुलगी माईंना त्यांच्या आणि आबांच्या नावाचा एक लांबलचक शब्द करून अतिशय अदबीने हाक मारते, आणि नवऱ्याचे नाव एवढ्या मोठ्याने ऐकून माई दर वेळी लाजतात.

वागणुकीतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो ए-३८० या दुमजली विमानातील शॉवरच्या वेळा ठरवताना. या विमानाच्या वरच्या मजल्यावर फर्स्ट क्लासची १४ आसने आणि पुढे दोन शॉवर आहेत. प्रत्येकाला स्नानगृह अर्धा तास मिळते आणि गरम पाणी पाच मिनिटे, पण पाणी मध्येच थांबवता येत असल्याने ती पाच मिनिटे पुरतात. दुबई–लंडन प्रवास सुमारे सात तासांचा असतो आणि प्रत्येकाला आंघोळ हवी असते ती उतरण्यापूर्वीच्या दोन तासांत. आता दोन शॉवर, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या आणि १४ माणसे, असा तो हिशेब आहे. मालकांना विमान उडण्याआधीच विचारले जाई. मला बहुतेक वेळा जेवणानंतर विचारले जाई, तोवर बरी वेळ उरलेली नसे. एकदा मी बसल्याबरोबर स्वतःहून वेळ मागितली आणि ती विनातक्रार मिळाली. त्यानंतर मी कधीच वाट पाहिली नाही. दर्जा नसलेल्या प्रवाशाला कुणी अडवत नाही, फक्त त्याला आपणहून विचारले जात नाही, आणि मागण्याची सवय नसलेली माणसे तिथे मागे राहतात.

माई त्यांपैकीच एक आहेत. त्या शुद्ध शाकाहारी आहेत, एकादशी पाळतात आणि कुणाला त्रास द्यायचा नाही हे त्यांचे व्रत एकादशीपेक्षाही कडक आहे. शाकाहारी जेवण २४ तास आधी नोंदवलेले असते, पण या वर्गातील हवे तेव्हा जेवण्याची सोय नोंदवलेल्या जेवणाला पुरेशी लागू होत नाही, असे माझे निरीक्षण आहे. इतरांचे एकेक पदार्थ क्रमाने येत असताना माईंसमोर पुष्कळदा सारे एकदमच मांडले जाते. ‘तुम्हाला काय आवडेल’ हा प्रश्न त्यांना विचारलाच जात नाही, कारण त्याचे उत्तर यादीत आधीच आलेले असते. याच्या उलट अनुभवही सांगायला हवा. एका एकादशीला, माईंनी नुसते पाणी घेतलेले पाहून डेहराडूनच्या एका मुलीने हिंदीत चौकशी केली, मग फळांची थाळी, दूध आणि बिनमिठाचे बदाम आणून दिले आणि उतरेपर्यंत तीन वेळा येऊन गेली. हे तिला कोणत्याही टॅब्लेटने सांगितले नव्हते. एमिरेट्समध्ये नवी माणसे इकॉनॉमीत सुरुवात करतात, तिथून बिझनेसमध्ये आणि मग फर्स्टमध्ये बढती मिळते. त्यामुळे या वर्गात वाढणारी मुलगी वयाने लहान दिसली तरी काही वर्षे मुरलेली असते, आणि तो फरक अशा वेळी दिसतो.

मैल खर्चून आलेल्या किंवा बिझनेसमधून वर आणलेल्या प्रवाशांना दुय्यम वागणूक मिळते, असा एक समज आहे. मला उलटेच दिसले. आयुष्यात पहिल्यांदा इथे बसलेले जोडपे प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढते, मेनूतील प्रत्येक पदार्थाची चौकशी करते आणि मनापासून हसते. क्रूला अशी माणसे आवडतात. एमिरेट्सच्या क्रूजवळ तत्काळ फोटो देणारा कॅमेरा असतो. तो अशा जोडप्यांसाठी आणि मुलांसाठी हमखास बाहेर निघतो. मालकांसाठी तो कधी निघाला नाही, आणि त्यांनाही ते नको होते. रिकाम्या जागेवर बसवलेले कंपनीचेच कर्मचारी मात्र लगेच ओळखू येतात: नीटनेटके कपडे, कमी बोलणे, आणि जेवणाची निवड सर्वांत शेवटी.

लहान मुलांबाबत क्रूपेक्षा सहप्रवासी अधिक कठोर असतात. मलेशिया एअरलाइन्सने २०११ मध्ये आपल्या काही विमानांच्या फर्स्ट क्लासमध्ये तान्ह्या बाळांना बंदीच केली होती. मालकांचा नातू रडला तेव्हा क्रूने त्याला उचलून पुढच्या मोकळ्या जागेत फिरवले, आणि भुवया उंचावल्या त्या पलीकडच्या गृहस्थांनी.

आता तक्रार, कंपनीचे नाव न घेता. एका युरोपीय कंपनीच्या विमानात जेवणाची चौकशी करणाऱ्या गृहस्थाने मालकांना विचारले, ‘मॅडम काय घेतील?’ मॅडम दोन फुटांवर लॅपटॉप उघडून त्यांचाच करार तपासत बसल्या होत्या. वाइनची यादीही मालकांच्याच हातात गेली, खरे तर ते पीत नाहीत. मालक शांतपणे म्हणाले, ‘त्यांनाच विचारा, बिल त्याच मंजूर करतात,’ आणि त्यानंतर वागणूक इतकी सुधारली की तिचाही कंटाळा आला. त्याच कंपनीच्या मुंबईच्या विमानात धोतर, सदरा आणि पांढरी टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ पुढच्या दाराने आत आले, तेव्हा बोर्डिंग पास पाहण्याआधीच त्यांना मागच्या बाजूचा रस्ता दाखवण्यात आला. त्यांनी पास पुढे केल्यावर क्षमायाचना झाली, हेही खरे. पण कपड्यांवरून कयास करण्याची ही सवय दारातच दिसते, म्हणजे यादी पाहिली जाण्याच्याही आधी, आणि तिच्यावर कोणताही दर्जा उपयोगी पडत नाही.

क्रूला ज्याची भीती वाटते असा प्रवासी हा शेवटचा प्रकार. ५ डिसेंबर २०१४ रोजी न्यूयॉर्कला कोरियन एअरच्या फर्स्ट क्लासमध्ये बसलेल्या, कंपनीच्याच उपाध्यक्ष आणि अध्यक्षांच्या कन्या चो ह्युन-आ यांनी मॅकाडेमिया नावाच्या सुक्या मेव्याच्या बिया बशीऐवजी पाकिटात आल्या म्हणून क्रूच्या प्रमुखाला विमानातून उतरवले आणि त्यासाठी धावपट्टीकडे निघालेले विमान विमानतळाच्या गेटपाशी परत आणायला लावले. त्यांना पुढे शिक्षा झाली. पण त्या क्षणी विमानातील कुणी त्यांना नाही म्हणू शकले नाही. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये एअर इंडियाच्या न्यूयॉर्क–दिल्ली विमानात, बिझनेस क्लासमध्ये, एका मद्यधुंद प्रवाशाने वृद्ध सहप्रवासी महिलेवर लघुशंका केली. ते प्रकरण विमानात नीट हाताळले गेले नाही म्हणून जानेवारी २०२३ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला ३० लाख रुपये दंड केला. पुढच्या वर्गांत दारू मागेल तितकी मिळते, आणि ‘आता पुरे’ हे वाक्य क्रूच्या तोंडून फार उशिरा निघते. मी स्वतः एका रात्री आवाज चढवणाऱ्या माणसाला आणखी दोन पेले मिळताना पाहिले, आणि मला मात्र इअरप्लग देऊ केले गेले.

वयस्कर माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी जेवणाची नोंद विमानात बसल्यावर पुन्हा एकदा तोंडी सांगावी आणि पदार्थ एकेक करून आणायची विनंती तेव्हाच करावी. ती मान्य होते. व्हीलचेअरची मदत विमानतळावरील कर्मचारी देतात, विमानातील क्रूचा त्याच्याशी संबंध नसतो, म्हणून उतरण्याच्या तासभर आधी पर्सरला ती आली आहे का हे विचारायला सांगावे. माईंच्या बाबतीत लंडनला हे काम दर वेळी झाले. मुंबईला खुर्ची येईपर्यंत त्या दारापाशी उभ्या राहतात, आणि फर्स्ट क्लासचे तिकीट तिथे काही कामाचे नसते.