आठ महिने नेट रेडिओवर डान्स म्युझिक: संच टिकला, स्टेशनं टिकतील का?

हाऊस, टेक्नो, जंगल, ट्रान्स अशा प्रकारांचं डान्स म्युझिक ऐकणाऱ्याला आपल्याकडच्या एफएमवर फार काही मिळत नाही. खासगी स्टेशनांचा बहुतेक वेळ हिंदी चित्रपटगीतांचा असतो, डान्स म्युझिकच्या वाट्याला शनिवार-रविवारचा एखादा तास आला तर आला. त्यामुळे ऐकायचं ते नेटवरूनच. फोनवर ॲप टाकून ऐकता येतंच, पण फोन वाजला की डीजेचा सेट, म्हणजे त्याने सलग वाजवलेला कार्यक्रम, मध्येच तुटतो. म्हणून रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा छोटा संगणक (पुढे नुसतं पाय किंवा झिरो), त्याला जोडलेला पीसीएम ५१०२ चिपचा डॅक, म्हणजे डिजिटल आवाज ॲम्प्लिफायरला कळेल असा करणारा बोर्ड, आणि मूड ऑडिओ हे मोफत सॉफ्टवेअर, असा वेगळा संच. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये तो आठ महिने रोज पाच-सहा तास चालला. सगळं सामान साडेतीन-चार हजारांत बसतं. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर घरात असतील ते चालतात.

तयार नेट रेडिओ का घेऊ नये, हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. ज्यांच्याकडे वर्ल्डस्पेस या उपग्रह रेडिओचा संच होता त्यांना ३१ डिसेंबर २००९ आठवत असेल. खिडकीत ठेवायची ती चौकोनी अँटेना आणि संच दोन्ही धडधाकट होते, पण भारतातली सेवा बंद झाली आणि घरोघरचे संच मुके झाले. नेट रेडिओच्या बाबतीत हेच पुन्हा झालं. बऱ्याच कंपन्यांचे संच स्टेशनांची यादी रेसिव्हा नावाच्या एकाच सेवेकडून घेत. ती सेवा ३० एप्रिल २०२१ ला बंद झाली. स्टेशनं हवेत होती, संच चालू होते, पण यादीच येईना. म्हणून खरेदीआधी एक प्रश्न विचारावा: स्टेशनचा नेटवरचा पत्ता हाताने टाकता येतो का? येत नसेल तर तो संच दुसऱ्या कोणाच्या तरी मर्जीवर चालणार. पायवर पत्त्यांची फाईल आपली असते. नवे पत्ते रेडिओ ब्राउझर या लोकांनीच चालवलेल्या खुल्या यादीतून मिळतात.

आता जोडणी. डॅकच्या पाच तारा, डॅकवरच्या नावांनुसार: पाच व्होल्ट पायच्या २ नंबरच्या पिनला, ग्राउंड ६ ला, बीसीके १२ ला, एलसीके ३५ ला, डीआयएन ४० ला. झिरो २ डब्ल्यूवर पिना लावलेल्या नसतात, त्यामुळे सोल्डरिंग येत नसेल तर पिना लावलेली आवृत्ती मागावी. स्वस्त डॅकमध्ये सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट आहे सोल्डरच्या छोट्या पुलांची. पुढच्या बाजूला एससीके लिहिलेले दोन ठिपके जोडलेले हवेत. मागे चार जोड्या असतात: पहिली, दुसरी आणि चौथी लो कडे, तिसरी हाय कडे. ही तिसरी जोडी म्हणजे म्यूटची पिन. ती मोकळी राहिली तर सॉफ्टवेअरमध्ये गाणं पुढे सरकताना दिसतं, पण स्पीकरमधून चकार शब्द येत नाही, आणि माणूस दिवसभर सेटिंग उलटसुलट करत बसतो. काही बोर्डांवर हे पूल कारखान्यातूनच येतात, काहींवर कोरे असतात. भिंग घेऊन आधी तेच बघावं. मूडमध्ये डॅकच्या यादीतून हायफायबेरी डॅक निवडून संच पुन्हा चालू केला की काम झालं.

चार्जर फोनचा वापरू नये. पाच व्होल्ट, अडीच अँपिअरचा पायसाठीचाच घ्यावा. चार्जर कमी पडला तर संच बंद पडत नाही, वायफाय अधूनमधून गळतं, आणि दोष स्टेशनवर येतो. थ्रॉटलिंग (वीज कमी पडली की पायने आपला वेग कमी करणं) तपासण्याच्या आज्ञेचं उत्तर शून्य आलं तर ठीक. पाचावर चार शून्यं असा आकडा आला तर समजावं, मागे कधीतरी व्होल्टेज पडलं होतं. झिरो २ डब्ल्यूला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडता येतं, आणि सोसायटीत त्या पट्ट्यात तोबा गर्दी असते. राउटरचा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा असेल तो ठेवावा आणि पायच्या वायफायची पॉवर सेव्हिंग बंद करावी. एवढं करूनही आवाज तुटत असेल तर ओटीजी केबलवर इथरनेटचा अडॅप्टर लावून तारेने नेट देणं हाच खरा उपाय.

आवाज तुटण्याचं मुख्य कारण मात्र वेगळंच आहे, आणि ते फार कमी जणांना ठाऊक असतं. ऐकताना सेट अडखळला की लोक प्लेअरमधला बफर, म्हणजे पुढचा आवाज साठवायची जागा, वाढवतात. त्याने काडीचा फरक पडत नाही. बहुतेक छोटी स्टेशनं आइसकास्ट सर्व्हरवर चालतात. आपण जोडले गेलो की हा सर्व्हर सुरुवातीला एकदम ६४ किलोबाइट देतो आणि मग घड्याळाच्या चालीने, सेकंदाला सेकंद, देत राहतो. १२८ केबीपीएस बिटरेटच्या, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटच्या, स्ट्रीममध्ये सेकंदाला १६ किलोबाइट लागतात, म्हणजे हातातला साठा जेमतेम चार सेकंदांचा. ३२० केबीपीएसला सेकंदाला ४० किलोबाइट, म्हणजे साठा दीड सेकंदाचा. हौद कितीही मोठा बांधला तरी नळाला धार तेवढीच. म्हणूनच जास्त बिटरेटचा स्ट्रीम आधी तुटतो, आणि ‘एवढं महागाचं फायबर घेऊनही रेडिओ अडखळतो’ ही तक्रार ऐकू येते. उपाय सुरुवात लांबवण्याचा. एमपीव्ही या प्लेअरला वीस सेकंदांचा साठा जमेपर्यंत वाजवू नको असं सांगता येतं. बटण दाबल्यावर थोडं थांबावं लागतं, पण नंतर नेटने पंधरा सेकंद दगा दिला तरी किक ड्रमचा ठेका मोडत नाही. डान्स म्युझिकमध्ये हे फार महत्त्वाचं आहे. दोन गाणी एकमेकांत मिसळत असताना मधला एक सेकंद गेला तर पुढची पाच मिनिटं मन परत बसत नाही.

बिटरेटबद्दल थोडक्यात: एएसी या पद्धतीने दाबलेला आवाज १२८ केबीपीएसला पुरतो. तासाला सुमारे ५८ एमबी जातात, रोज सहा तास धरले तर महिन्याला दहा जीबीच्या आसपास. ६४ केबीपीएसच्या एचई एएसी या आणखी दाबलेल्या प्रकारात वरच्या पट्टीचे आवाज मूळचे नसतात, ते अंदाजाने पुन्हा बनवलेले असतात. हाय-हॅटकडे, म्हणजे ड्रमसंचातल्या झांजांकडे, कान देऊन ऐका: १२८ ला प्रत्येक ठोका ‘टिस्’ असा सुटा येतो, ६४ ला त्याच्यामागे तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चरचर राहते. लहान स्पीकरवर हे लपतं, हेडफोनवर लपत नाही.

वीज जाणं हा आपल्याकडचा विषय. पाय इन्व्हर्टरवर असला तरी इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर बदलाच्या क्षणी तो पुन्हा सुरू होतो, आणि अशा चार-सहा झटक्यांत मेमरी कार्ड खराब होऊ शकतं. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवावा, राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा, आणि घडी बसली की कार्डावर ओव्हरले फाइल सिस्टिम सुरू करावी, म्हणजे कार्डावर काही लिहिलंच जात नाही. ती चालू असताना यादीत घातलेलं नवं स्टेशन मात्र संच बंद केल्यावर पुसलं जातं. आधी ती बंद करून मगच भर घालावी.

लंडनच्या स्टेशनांचे कार्यक्रम नंतर ऐकण्यासाठी टिपून ठेवायचे तर दोन खड्डे आहेत. पहिला घड्याळाचा. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचं घड्याळ एक तास सरकतं. तिथली मध्यरात्र आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेचारला, हिवाळ्यात साडेपाचला होते. भारतीय वेळेवर बेतलेलं रेकॉर्डिंग त्या आठवड्यात भलताच कार्यक्रम आणून देतं. पायमधल्या सिस्टिमडी या सेवेच्या टायमरमध्ये वेळेपुढे युरोप/लंडन हा विभाग लिहिला की ही कटकट कायमची मिटते. दुसरा खड्डा असा, की झिरोला स्वतःचं घड्याळ नसतं. वीज येते, पण नेट यायला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर पायची वेळ मागेच असते. टायमर वेळ जुळल्यानंतरच सुरू होईल अशी अट घालावी. १२८ केबीपीएसला दोन तासांचा सेट ११५ एमबी होतो.

संचाचं सांगून झालं. आता समोरच्या टोकाचं, म्हणजे स्टेशनांचं, कारण मन तिथेच जास्त लागून राहतं.

आठ महिन्यांत सगळ्यात भरवशाचं निघालं ते सोमा एफएम. सॅन फ्रान्सिस्कोतून २००० पासून चालतं, जाहिराती नाहीत, खर्च श्रोत्यांच्या वर्गणीवर. ग्रूव्ह सॅलड संथ संगीतासाठी, बीट ब्लेंडर डीप हाऊससाठी, द ट्रिप प्रोग्रेसिव्ह आणि ट्रान्ससाठी. पत्ते साधे, कुठल्याही प्लेअरला कळणारे. फ्रान्सच्या सरकारी रेडिओचं फिप इलेक्ट्रो हेही तसंच नीट चालतं. एनटीएस २०११ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात सुरू झालं. त्याचे दोन्ही चॅनल ऐकावेत, पण तिथे आवाजाची पातळी कार्यक्रमागणिक बदलते, कारण प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने मिक्स करतो. व्यापारी स्टेशनावरून तिथे आलं की आवाज एकदम खाली गेल्यासारखा वाटतो. तो दोष समजू नये. व्यापारी स्टेशनं सगळं दाबून एकाच उंचीवर आणतात, इथे संगीताचे चढउतार शाबूत असतात. दिल्लीचं बॉक्सआउट एफएम २०१७ पासूनचं, आपल्याकडच्या डीजेंना हक्काचा तास देणारं. असं एखादं पुण्या-मुंबईत आणि गोव्यात उभं राहावं ही मनापासूनची इच्छा आहे. ज्या अंजुण्यातून गोवा ट्रान्स जगभर गेला, तिथल्या संगीतासाठी लंडन किंवा कॅलिफोर्नियाचा पत्ता टाकावा लागतो, हे टोचतं.

काळजीचं बोलायचं तर बीबीसीपासून सुरुवात करावी लागते. एसेन्शियल मिक्स हा रेडिओ १ वरचा दोन तासांचा कार्यक्रम ३० ऑक्टोबर १९९३ पासून चालू आहे. एका डीजेला दोन तास, मध्ये जाहिरात नाही. एवढ्या वर्षांच्या डान्स म्युझिकची बखरच आहे ती. पण २०२३ मध्ये बीबीसीने जुन्या पद्धतीचे शाउटकास्ट स्ट्रीम बंद केले आणि असंख्य जुन्या नेट रेडिओंवरून ती स्टेशनं गेली. एचएलएस पद्धतीचा पत्ता पायवर चालतो, तुकड्यातुकड्यांनी येत असल्याने सहसा तुटतही नाही, पण थेट प्रसारणाच्या अर्धा मिनिट मागे असतो आणि गाण्याचं नाव दिसत नाही. मग जुलै २०२५ मध्ये बीबीसी साउंड्स हे ॲप ब्रिटनबाहेर बंद झालं. थेट प्रसारण संकेतस्थळावर राहिलं, पण हुकलेला भाग ॲपवरून सवडीने ऐकण्याची सोय आपल्यासाठी गेली. पहाटेचं रेकॉर्डिंग एवढं मनावर घेण्याचं कारण हेच.

किसचं उदाहरण जास्त लागतं. १९८५ मध्ये लंडनमध्ये बेकायदा सुरू झालेलं हे स्टेशन १ सप्टेंबर १९९० ला परवाना घेऊन परत आलं. तो परवाना मिळवण्यासाठी श्रोते झगडले होते. २०२४ च्या अखेरीस त्याची लंडनमधली १०० ही एफएम फ्रिक्वेन्सी त्याच मालकांच्या दुसऱ्या, सर्वसाधारण गाण्यांच्या स्टेशनला गेली आणि किस फक्त डिजिटल उरलं. ॲमस्टरडॅमचं रेड लाइट रेडिओ दहा वर्षं चालून २०२० मध्ये थांबलं. लंडनच्या रिन्स या स्टेशनने मात्र उलटी वाट चालून दाखवली. १९९४ मध्ये इमारतींच्या गच्च्यांवर चोरून अँटेना लावणारी मंडळी २०१० मध्ये परवानाधारक झाली, आणि अडचणीतल्या जंगलवाल्या कूल एफएमलाही त्यांनी आपल्या छत्राखाली घेतलं.

पैशाचं गणित समजून घेतल्याशिवाय ही भीती कळत नाही. एफएमच्या मनोऱ्याचा खर्च दहा श्रोते असोत की दहा लाख, सारखाच. नेटवर प्रत्येक श्रोत्यामागे बँडविड्थ लागते, आणि अमेरिकेत तर रॉयल्टी दर गाण्यामागे, दर श्रोत्यामागे मोजतात. लोकप्रियता वाढली की खर्च वाढतो. छोट्या स्टेशनांना रॉयल्टीत मिळणारी सवलत २०१५ अखेर संपली तेव्हा हजारो हौशी स्टेशनांना आसरा देणारं लाइव्ह ३६५ महिन्याभरात, ३१ जानेवारी २०१६ ला बंद पडलं. पुढच्या वर्षी ते परत आलं, पण मधल्या काळात विखुरलेली स्टेशनं सगळी काही परतली नाहीत. अमेरिकेतला आणखी एक नियम असा, की तीन तासांत एका कलाकाराची चारहून जास्त गाणी वाजवता येत नाहीत. एखाद्या संगीतनिर्मात्यावर दोन तासांचा खास कार्यक्रम करायचा तर इथेच अडतं.

म्हणून आठ महिन्यांनंतर सल्ला असा: जे स्टेशन रोज दोन तास लावता, त्याला वर्षातून एकदा तरी वर्गणी द्या, आणि रक्कम लहान म्हणून लाजू नका. मेलेला पत्ता दिसला तर रेडिओ ब्राउझरवर तो दुरुस्त करा, पुढच्या माणसाचा वेळ वाचतो. ज्यांना सोल्डरिंग, सेटिंग यांचा कंटाळा आहे त्यांनी जुना अँड्रॉइड फोन सिमशिवाय वायफायवर ठेवून ऑक्स केबलने ॲम्प्लिफायरला जोडावा. बॅटरी सतत चार्जवर राहून फुगते, तेवढं दर महिन्याला मागचं झाकण बघत जावं. पाय वापरणाऱ्यांनी मूडमधून स्टेशनांची यादी बाहेर काढून पेनड्राइव्हवर ठेवावी. कार्ड गेलं तर नव्या कार्डावर सॉफ्टवेअर चढवून ती यादी आत घेतली की अर्ध्या तासात बीट ब्लेंडर पुन्हा वाजायला लागतं.