छताच्या सपोर्टखालचं चार बोटांचं कडं: सात महिने लाकडाची शेगडी वापरल्यावर

शेगडीच्या माथ्यावर ‘चर्र’ असा आवाज झाला तेव्हा पहिला संशय छपरावर गेला. म्हटलं, धुराडं बसवताना छपराला भोक पाडलं, ते गळतंय. बाहेर जाऊन पाहिलं तर आभाळ स्वच्छ, चांदणं पडलेलं. आत येईपर्यंत दुसरा थेंब पडला. शेगडी थंड झाल्यावर डागाला बोट लावलं. चिकट, तपकिरी, वास जळक्या डांबराचा. वर पाहिलं तर छतातल्या सपोर्टपासून, म्हणजे धुराडं पेलणाऱ्या डब्यापासून, काळ्या पाइपवरून एक ओघळ खाली आलेला, आणि मधल्या प्रत्येक सांध्यापाशी त्याला एकेक पोरगं फुटलेलं.

शेगडी लावून तेव्हा तीन आठवडेच झाले होते. आता सात महिने होतायत, म्हणून लिहितोय. शेगडीबद्दल मात्र फारसं लिहिणार नाही. ती जळते, खोली तापवते, दार नीट लागतं, काच दर चार दिवसांनी पुसावी लागते. माझा सगळा जीव अडकलाय तो शेगडीचा पाइप छतातल्या सपोर्टला मिळतो त्या जागेत.

माझी मांडणी नेहमीचीच: 6 इंची एकपदरी काळा पाइप, साधारण 6 फूट सरळ वर, मग छतात सपोर्टचा डबा आणि त्याच्यावर दुपदरी इन्सुलेटेड धुराडं. छतापासून वरचं काम माहीतगाराकडून करून घेतलं आणि ते त्याने चोख केलं. धुराड्याभोवती 2 इंच मोकळी हवा सोडली, माळ्यावरचं इन्सुलेशन तिथे घुसू नये म्हणून पत्र्याचं कवच लावलं. छपरातून धुराडं किमान 3 फूट वर काढलं, आणि 10 फुटांच्या आत जे काही असेल त्याच्याहून 2 फूट उंच. खालचा भाग मी स्वतः केला. सहा फुटांच्या नळ्या एकात एक घालायला मजुरी कसली द्यायची, असा विचार होता. त्या वाचवलेल्या मजुरीचं पुढे काय झालं ते सांगतोच.

पाइपच्या प्रत्येक तुकड्याचं एक टोक साधं असतं आणि एक चुण्या पाडून किंचित बारीक केलेलं. चुणीचं टोक दुसऱ्या तुकड्यात शिरतं. माझं डोकं असं चाललं: धूर खालून वर जातो, तेव्हा खालचा तुकडा वरच्यात शिरायला हवा, नाहीतर धूर फटीतून खोलीत येईल. म्हणून सगळी चुणीची टोकं वर केली. सगळ्यात वरचं टोक सपोर्टमधून दिसणाऱ्या धुराड्याच्या आतल्या नळीत सरळ सारलं. इतकं घट्ट बसलं की मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

धूर खरंच बाहेर आला नाही. पण त्याचं श्रेय मला नाही. शेगडी चालू असताना पाइपात ओढ असते, आतला दाब खोलीतल्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे सैल सांध्यातून धूर बाहेर येण्याऐवजी खोलीतली हवाच आत खेचली जाते. खाली येतो तो द्रव. धुरातली वाफ आणि न जळलेला डांबरी अंश धुराड्याच्या थंड भिंतीवर साधारण 120 अंश सेल्सिअसच्या खाली निवून द्रव व्हायला लागतो आणि भिंतीवरून ओघळतो. चुणीचं टोक खाली असेल तर तो ओघळ एका तुकड्यातून दुसऱ्याच्या आत उतरत थेट शेगडीत जाऊन जळून जातो. माझ्याकडे टोकं वर होती, म्हणजे प्रत्येक सांध्यावर ओघळाला बाहेरचा रस्ता मीच आखून दिला होता. आणि सैल सांध्यातून आत जाणारी गार हवा धूर आणखी थंड करत होती, ते वेगळंच.

हे सगळं कळलं नंतर. आधी भांडण झालं.

खोक्यावर ‘कम्प्लीट सीलिंग सपोर्ट किट’ असं ठळक छापलेलं. चित्रात सपोर्टच्या खाली पाइप लावलेला, गुळगुळीत. मी कंपनीला फोन केला, फोटो पाठवले. तिकडून उत्तर आलं, “सर, हे क्रिओसोट आहे, म्हणजे धुरातलं डांबर. हा पाइपचा दोष नाही. तुम्ही ॲडॉप्टर लावला आहे ना?” कुठला ॲडॉप्टर? “सर, तो वेगळा घ्यावा लागतो.” मग कम्प्लीट कशाला म्हणता? “सर, किट सपोर्टचं कम्प्लीट आहे.” हे वाक्य मी त्या आठवड्यात तिघांच्या तोंडून ऐकलं. पहिला पुनरावलोकनाचा मसुदा मी त्याच रात्री लिहिला होता, एक तारा देऊन. पाठवला नाही, कारण रागात लिहिलेल्यात ‘ॲडॉप्टर’चं स्पेलिंगच चुकलं होतं.

ॲडॉप्टर म्हणजे काय, तर चार बोटं उंचीचं पत्र्याचं कडं. वरची बाजू सपोर्टमध्ये फिरवून अडकते, खालची बाजू काळ्या पाइपच्या आत शिरते. बस, एवढंच. धुराड्यातून आलेला थेंब या कड्यावरून पाइपच्या आत पडतो. या कड्याला खोक्यात जागा नव्हती असं नाही, थर्माकोलचे दोन ठोकळे मावले होते.

मी चेंगट माणूस. वेगळं कडं विकत घेण्याआधी घरात पडलेला भट्टीचा सिमेंट वापरून पाहिला. वरच्या सांध्यावर गोल लिंपला, वाळवला. दोन दिवस थेंब नाही. तिसऱ्या दिवशी सिमेंटाचे कपचे शेगडीवर आणि त्यांच्या मागोमाग थेंब. दोष सिमेंटाचा नव्हता. सहा फुटांचा पोलादी पाइप खोलीच्या तापमानापासून 250 अंशांपर्यंत तापला की सुमारे 5 मिलिमीटर वाढतो आणि विझल्यावर तेवढाच आखडतो. रोज हलणाऱ्या सांध्यावर कडक लेप टिकणार कसा? तोपर्यंत मला रात्री ऐकू येणाऱ्या टकटक आवाजाचाही उलगडा झाला. खाली शेगडी, वर सपोर्ट, मध्ये ताठ पाइप. वाढायला जागा नाही, म्हणून तो कुरकुरत होता.

शेवटी कडं मागवलं आणि सोबत एक सरकता, म्हणजे टेलिस्कोपिक तुकडा. एक सूचना, कारण इथे फसायला होतं: कडं सपोर्टच्याच कंपनीचं घ्या. इन्सुलेटेड धुराड्याच्या अडकवण्या कंपनीगणिक वेगळ्या असतात. व्यास 6 इंच जुळला म्हणजे बसेलच असं नाही.

मग सगळं उतरवलं. सपोर्टच्या मध्यातून ओळंबा सोडला तर शेगडीचं तोंड दीड इंच बाजूला. पहिल्या वेळी हा दीड इंच मी पाइप दाबून ‘पचवला’ होता. या वेळी शेगडीच सरकवली आणि भिंतीपासूनचं अंतर पुन्हा मोजलं, कारण एकपदरी पाइप जळाऊ भिंतीपासून 18 इंच दूर लागतो. मग कडं वर अडकवलं, सगळी चुणीची टोकं खाली केली, प्रत्येक साध्या सांध्याला सारख्या अंतरावर तीन स्क्रू मारले. सरकत्या सांध्याला स्क्रू मारायचा की नाही हे त्या तुकड्याच्या मॅन्युअलात असतं, तिथे आपलं डोकं चालवू नका, माझं चालवून झालंय. आणि वरचे स्क्रू पाइपमधून कड्यात जातात. इन्सुलेटेड धुराड्याला भोक पाडायचं नाही.

थेंब थांबले. टकटकही जवळजवळ गेली. मी एका ताऱ्यावरून चारवर आलो. राग एवढाच उरला की याच किटमध्ये हे कडं असतं तर मला तीन आठवडे शेगडीच्या माथ्यावर जुनं ताट ठेवावं लागलं नसतं.

पण महिन्याभराने धुराड्याच्या टोपीची जाळी पाहिली तर काळ्या चकचकीत थराने अर्धी बुजलेली. म्हणजे द्रव बाहेर पडायचा थांबला होता, तयार व्हायचा नाही. इथे मात्र कंपनीला बोलायला जागा नव्हती. ओलावा मोजायचं यंत्र उसनं आणलं, एक ओंडका फोडून ताज्या फाकेवर टोचलं: 28 टक्के. 20 च्या खाली हवा. बाहेरून खडखडीत वाटणारं लाकूड आतून ओलं होतं, आणि रात्री लाकूड वाचावं म्हणून मी हवेची चावी जवळजवळ बंद करत होतो. धुमसणारी आग म्हणजे गार, दाट धूर. काटकसर इथेही नडली. हा थर पेटला तर धुराड्यातली आग 1000 अंशांच्या पुढे जाऊ शकते, तेव्हा ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. आता वर्षभर वाळलेलं लाकूड वापरतो, आग उघडी ठेवतो आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय.

दुपदरी काळा पाइप घ्यावा का? तो धूर गरम ठेवतो आणि भिंतीपासून 6 इंचांवर चालतो, म्हणून लहान खोलीत किंवा लांब पाइपला तोच घ्यावा. माझा पाइप आखूड, जागा भरपूर, आणि एकपदरी पाइप खोलीला जी ऊब देतो ती मला फुकटची वाटते. नाही बदलणार.

ज्याची अपेक्षाच नव्हती ते सुख दिलं त्या सरकत्या तुकड्याने. घेतला होता टकटक थांबवायला. साफसफाईच्या दिवशी खालचे तीन स्क्रू काढले, पाइप वर सरकवला, शेगडीपासून सुटा. खाली पिशवी बांधली, ब्रश वर घातला, पंधरा मिनिटांत काम झालं. पहिल्या मांडणीत हेच करायला दुपार गेली होती आणि गालिचा धुवायला दुसरी.

एक तक्रार अजून शिल्लक आहे, आणि ती क्षुल्लक आहे हे मला माहीत आहे. सांधा झाकायला किटमध्ये एक काळी शोभेची चकती येते. कडं देत नाहीत, चकती देतात. ती एका स्प्रिंगवर पाइपला चिकटते आणि पाइप आखडला की घसरते, नेमकी रात्री दोन वाजता, शेगडीवर ठण्णकन. घरचे दचकून उठतात. चार वेळा वर बसवली, पाचव्यांदा स्क्रू लावायला गेलो आणि थांबलो. आता ती खालीच, शेगडीच्या मानेशी पडून असते. वरचा सांधा उघडा दिसतो. रोज शेगडी पेटवताना एकदा मान वर करून तिथे पाहतो. आजही कोरडा होता.